रिकामे डंपर

तुमच्या घराच्या मागं पाणी होतं का? आणि होतं, तर ते तुम्ही कशानं बुजवलंत?

लगेच उत्तर देऊ नका. आधी मागचं दार उघडून बघून या. वसईत ज्या घरांना अजून मागचं दार आहे, त्यांतल्या बहुतेकांच्या दाराबाहेर आता पेव्हर ब्लॉक आहेत, ब्लॉकवर गाडी आहे, आणि गाडीच्या खाली, दोन पुरुष खोल, पूर्वजांनी खणलेलं पाणी गाडलेलं आहे. गाडी मात्र दर रविवारी पाण्यानं धुतात. पाणी टँकरचं.

निर्मळमधल्या आमच्या घरामागं अजून बावखल आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. बावखल म्हणजे वाडीतलं, माणसांनी हातानं खणलेलं तळं. पावसात ते भरतं, उन्हाळ्यात केळी आणि मोगरा जगवतं, आणि वर्षभर गुपचूप शेजारची विहीर गोडी ठेवतं. समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. बावखल बुजवलं की जमिनीखालून खारं पाणी सरकत विहिरीत येतं, आणि मग विहिरीवर फक्त कबुतरं येतात. हे मी शाळेत शिकले नाही, बाबांच्या पत्रकात वाचलं.

बाबा दिवसा शिक्षक होते आणि संध्याकाळी पत्रकं काढत. मुरूम, टँकर, भराव, कचरा, ज्याच्यावर इतर लोक नुसतं चिडायचे त्याच्यावर बाबा छापायचे. वाटून उरलेली पत्रकं घरी यायची आणि संसाराला लागायची. कपाटाच्या खणात अंथरायला पत्रक, मोगऱ्याच्या कळ्या बांधायला पत्रक, डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घडी घालून पत्रक. मी अक्षरं जुळवायला शिकले ती ‘नागरिकहो’ या शब्दावर. ‘कमळ’ लिहिता येण्याआधी मला ‘धिक्कार’ लिहिता येत होतं, जोडाक्षरासकट.

बाबा गेले. पत्रकांचे गठ्ठे माळ्यावर राहिले आणि वाडी आईच्या नावावर झाली. त्यामुळे बावखल राहणार की जाणार हा सगळा प्रश्न आईच्या एका शब्दावर येऊन ठेपला. तो शब्द मिळवण्यासाठी तिला स्वित्झर्लंडला नेण्यात आलं. सोबतीला मी. माझी हरकत नोंदवूनच मी विमानात बसले.

योजना माझ्या भाओजींची. ते आणि ताई तिकडच्या एका शहरात कॉम्प्युटरवर काम करतात. भाओजी वाढले विरार पूर्वेला, मनवेलपाड्याच्या चाळीत, जिथं पाणी कधी येणार हे फक्त पाण्याला ठाऊक असायचं. त्या माणसाला निळी तळी, पांढरे डोंगर आणि वेळेवर येणारी बस यांचं वेड लागलं, तर त्याला नावं ठेवणारी मी कोण? नावं मी त्यांच्या योजनेला ठेवते.

योजना अशी. वाडीत उतरत्या छपरांची लाकडी घरं बांधायची. प्रत्येक खिडकीत लाल फुलांची कुंडी. फाटकावर पाटी, ‘स्विस वीकेंड’. शनिवार-रविवारी मुंबईहून लोक येणार, फेसाचा बर्फ उडवणारं यंत्र त्यांच्या अंगावर बर्फ उडवणार, आणि मग ते पुलात डुंबणार. त्या स्विमिंग पुलाची जागा वाडीच्या मधोमध, आणि मधोमध नेमकं बावखल. म्हणून आधी बावखलात मुरूम टाकायचा, तो दाबून सपाट करायचा, मग त्यात खड्डा खणायचा, खड्ड्याला निळ्या लाद्या लावायच्या आणि तो टँकरनं भरायचा.

हे वाक्य मी पुन्हा लिहीत नाही. तुम्ही पुन्हा वाचा.

भाओजींचा शाळेतला एक दोस्त विरारला भरावाची कामं घेतो. त्याचे डंपर तयार होते. पावसाच्या आत काम उरकायचं, तर आम्ही तिकडं असतानाच सोमवारी सुरुवात करायची असं ठरलं होतं. फक्त रविवारपर्यंत आईनं ‘हो’ म्हणायचं. “तू परत येशील तेव्हा सगळं लेव्हल झालेलं असेल,” ताई आईला म्हणाली. ती हे प्रेमानं म्हणाली. आईला बघावं लागू नये म्हणून. ताईला पुलाचं कौतुक नव्हतंच. आई तिन्हीसांजेला एकटी काठावर जाते, एखाद दिवशी पाय घसरला तर, ही तिची भीती होती. त्या भीतीवर माझ्याकडं पत्रक नव्हतं.

“उपवासकाळात मी कुठं येत नाही,” असं सांगून आईनं आधी बोलणं लांबवलं. मग ईस्टर झाला आणि सबब संपली. ईस्टरनंतरचा शनिवार-रविवार डोंगरात घालवायचा असं ठरलं. आई बोलते आमच्या घरच्या बोलीत. ती कागदावर नीट उतरत नाही, म्हणून इथं तिचं बोलणं सरळ करून लिहिते. ते ऐकायला जितकं तिखट होतं तितकं वाचायला लागणार नाही, एवढं धरून चाला.

शुक्रवारी दुपारी आम्ही गावात पोचलो. भाओजींनी आईला बर्फ कबूल केला होता. समोर डोंगर उभा होता, मार्चमधल्या तुंगारेश्वरासारखा वाळकट. त्याच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत बर्फाचा एकच पांढरा पट्टा उतरला होता, मोडक्या पायाला प्लास्टर घालावं तसा. त्या पट्ट्यावरून माणसं घसरत होती. बाजूला गवत, चिखल आणि रांगेत उभी केलेली लांब तोंडाची यंत्रं.

“बर्फ संपला काय हो?” आईनं विचारलं.

“संपला नाही आई, सीझनचा एंड आहे ना,” भाओजी म्हणाले. “हा मशीनचा आहे. त्या तोफा दिसतात ना, त्या पाणी फवारतात, हवेतच त्याचा बर्फ होतो.”

“म्हणजे यांच्याकडं पण टँकरचाच,” आई म्हणाली.

भाओजी ऐकलं नाही असं दाखवून सामान उतरवायला लागले.

मी गावातून एक फेरी मारली. खरं सांगते, मी अन्याय शोधत होते. कुठंही गेलं की आधी अन्याय शोधायचा ही मला लागलेली सवय. पण त्या गावात चौकातल्या दगडी कुंडात झऱ्याचं पाणी पडत होतं आणि ते पिऊन घ्या अशी पाटी होती. कचऱ्याच्या पेट्या आमच्या सोसायट्यांच्या लॉबीपेक्षा स्वच्छ. एक मांजर झेब्रा क्रॉसिंगवरून रस्ता ओलांडत होतं. गाडी थांबली होती. मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात एका दुकानात चिंचोटीच्या धबधब्याखाली पडलेलं असतं तसलंच बटाटा वेफर्सचं पाकीट दिसलं आणि जरा धीर आला.

आमचं भाड्याचं घर म्हणजे एका लाकडी घराचा वरचा मजला. खाली घरमालकीण राहायची. उंच, सत्तरीच्या पुढची, केस पोरासारखे कापलेली बाई. तिनं किल्लीबरोबर नियमांची पाटी दिली. ताईनं वाचून दाखवली. बूट बाहेर. रात्री आवाज नको. रविवारी कपडे धुवायचे नाहीत, वाळत तर मुळीच घालायचे नाहीत.

“एवढी बंधनं आपले फादर उपवासकाळात पण घालत नाहीत,” आई म्हणाली.

मग तिनं वसई-विरारची कुठलीही बाई नव्या घरात शिरताच विचारते तो प्रश्न विचारला. देखाव्याचा नव्हे.

“पाणी किती वाजता येतं?”

“आई, इथं चोवीस तास पाणी असतं,” भाओजी म्हणाले.

“बिल्डर पण असंच सांगतो.”

ताई-भाओजी खरेदीला गेले. आई उठली. आमच्याकडं गोडी विहीर आहे, तरीही सरकारी नळ आला की आई भरतेच. आळीतल्या सगळ्या बाया भरतात. नळ हा पाहुणा आहे, आला तेव्हा पदरात घ्यावा, पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. ताईच्या शहरातल्या घरी ताईनं डोळे वटारले म्हणून आई गप्प बसली होती. इथं वटारायला कोणी नव्हतं.

आधी बाथटब भरला. मग सुपाचं पातेलं, चहाची किटली, सॅलडचा काचेचा वाडगा, चीज वितळवायचं लाल भांडं आणि फुलदाणी. फुलदाणीतली सुकी फुलं काढून खिडकीत ठेवली. मग वाईनचे सगळे प्याले. प्रत्येक भांड्यावर ताटली झाकली. प्याल्यांवर बशा. पत्रकांवर वाढलेली, जगात कुणापुढं न झुकणारी मी काय करत होते, म्हणाल? भांडी देत होते. भरल्यावर आम्हां दोघींनाही बरं वाटलं.

सकाळी मालकीण पाव द्यायला वर आली. तिच्याकडचे पाहुणे तसे न्याहारीचा पाव खाली येऊन घेतात, पण आमच्या घरात म्हातारं माणूस आहे म्हणून ती स्वतः आली होती. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि थिजली. चहूकडं झाकलेलं पाणी. ती भराभर काहीतरी बोलत सुटली, हात छातीवर. ताईचा चेहरा कानापर्यंत लाल.

“काय म्हणते?” आईनं विचारलं.

“माफी मागतेय. तिला वाटलं रात्री नळ बंद पडला. प्लंबरला बोलावते म्हणते. आई, कशाला भरलंस गं एवढं?”

“तिला सांग, नळ चांगला चालतो. चालतो म्हणून तर भरलं. बंद पडल्यावर कुठून भरणार?”

“मी नाही असलं काही सांगणार.”

“सांग.”

ताईनं सांगितलं.  मालकिणीनं खुर्ची ओढली, बसली आणि पोट धरून हसली. हसणं ओसरल्यावर म्हणाली, तिची सासूसुद्धा थंडीत घरभर बादल्या भरून ठेवायची. रात्री नळ गोठायचा. आता नळ गोठत नाही आणि बादली कुणाच्या घरात नाही. मग खिडकीतून डोंगराकडं बोट दाखवून ती बराच वेळ बोलली. ताई सांगत गेली. तोफा पहिल्यांदा आल्या तेव्हा गावच्याच झऱ्याचं पाणी प्यायच्या. थंडीत गावाचे नळ बारीक झाले. भांडण झालं. शेवटी वर डोंगरात वेगळं तळं खणलं, तेव्हा मिटलं.

“भांडण कोणी केलं?” आईनं विचारलं.

मालकिणीनं स्वतःकडं बोट दाखवलं.

मला राहवेना. “तिला विचार, पत्रकं वाटली होती का?”

वाटली होती. दारोदार. अर्ध्या गावानं चुलीत घातली, म्हणाली, पण चुलीत घालण्याआधी वाचली.

मला अखेर अन्याय सापडला होता, पण तो मिटलेला. मी कित्येक वर्षं उशिरा पोचले होते.

आईनं पिशवीतून सुकेळी काढली. आमच्याकडची राजेळी केळी उन्हात वाळवून, केळीच्याच सोपटात गुंडाळून बांधतात ती. मालकिणीनं सोपटाची गाठ सोडवली, वास घेतला, एक तुकडा खाल्ला.

“अंजीर?”

“केळं,” ताई म्हणाली.

मालकिणीचा विश्वास बसला नाही. तिनं दुसरा तुकडा खाऊन पुन्हा खात्री केली, तरी बसला नाही. तिसरा तिनं रुमालात बांधून खाली नेला.

“मला ते तळं बघायचंय,” आई म्हणाली.

भाओजींना आनंद झाला. त्यांना वाटलं सासूबाई रंगात आल्या. ते मुळात आम्हांला वर नेणारच होते. त्यांच्या मते हे गाव म्हणजे योजनेचा नमुना होता आणि वरून तो संपूर्ण दिसला असता. तारेवरच्या पाळण्यात बसून आम्ही वर गेलो. आई रोझरी हातात धरून, डोळे मिटून. ताईचं जाकीट, माझी माकडटोपी, खाली सहावारी साडी आणि भाओजींचे बूट. तिच्याकडं कोणी वळून बघत नव्हतं. तिथं सगळेच तसलेच दिसत होते.

वर वारा होता. आभाळ खाली आलं होतं. कुंपणापलीकडं ते तळं. खरंखुरं, मोठं, डोंगराच्या कुशीत यंत्रानं खणलेलं. कडेला काळं जाड प्लॅस्टिक, मधे करडं पाणी आणि त्यावर उरलेल्या बर्फाच्या चकत्या. पोहायला मनाई असल्याची पाटी. भाओजींनी हात कमरेवर ठेवून समजावलं.

“बघा आई. उन्हाळ्यात पाऊस पडतो, वरचा बर्फ वितळतो, ते सगळं इथं जमा करतात. थंडीत लागेल तसं वापरतात. या एका खड्ड्यावर सगळ्या गावाचा धंदा उभा आहे. हे नसतं ना, तर हॉटेलं बंद, पाळणे बंद, सब खतम. याला म्हणतात प्लॅनिंग.”

“पावसाचं पाणी साठवतात,” आई म्हणाली.

“हो.”

“आणि नंतर काढून वापरतात.”

“एक्झॅक्टली.”

“म्हणजे बावखल.”

भाओजींचे हात कमरेवरून खाली आले.  आयुष्यभर शोधून बाबांना जी ओळ पत्रकात सापडली नव्हती, ती आईनं माकडटोपीतून म्हटली होती. डोंगरातली माणसं स्वित्झर्लंड टिकावं म्हणून बावखल खणत होती, आणि आम्ही स्वित्झर्लंड यावं म्हणून बावखल बुजवायला निघालो होतो.

“तसं नाही आई. ही टेक्निकल गोष्ट आहे. याला पंप आहेत, सेन्सर आहेत…”

“आपल्याला रहाट होता. मग पंप आला. आणि आपलं प्लॅस्टिक न घालता साठतं. तळाशी गाळ असतो ना, म्हणून. खाली पण झिरपतं, विहिरीत जातं. यांना बिचाऱ्यांना तेवढं नसेल जमलं.”

तेवढ्यात बर्फ पडायला लागला. खरा. वसंतातला, कुणी न मागितलेला. आधी भुरभुर, मग दाट. तोफा गप्प उभ्या होत्या आणि त्यांच्याच डोक्यावर तो साचत होता. भाओजींना वचनाला जागल्याचं समाधान झालं. त्यांनी फोन काढला, पण कॅमेऱ्याची काच पुसण्यातच बोटं गारठली. आईनं ओंजळ पुढं केली. खाली सगळं पांढरं व्हायला लागलं होतं, ढीगच्या ढीग.

“मिठागरासारखं दिसतंय,” ती म्हणाली. “एवढं मीठ पडलंय आणि कोणी भरून नेत नाही.”

ताई कुंपणाला धरून तळ्याकडं बघत उभी होती. तिथली पाटी वाचत होती. मग माझ्याकडं न वळता म्हणाली, “बाय, आपल्याला बाबांनी पोहायला शिकवलं तेव्हा पाठीला भोपळा बांधला होता ना गं?”

“तुला भोपळा. मला रिकामा डबा. भोपळा तू फोडलास.”

“माझी एक चप्पल पण आहे आत अजून.”

“आपण ते बुजवणार आहोत ना, त्याच्यात?” मी विचारलं. मला गप्प बसता आलं असतं. मी बसले नाही.

ताईनं कुंपण सोडलं. परतीच्या पाळण्यात ती आईच्या शेजारी बसली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, “पण तू काठावर घसरलीस तर?”

“मग पायऱ्या बांध. दगडाच्या. तेवढे पैसे असतील ना पुलातले?”

रविवारी आई गावातल्या लहानशा देवळात मिस्सेला गेली. आम्ही सगळे गेलो. भाषेचं अक्षर कळलं नाही, पण उठायचं कधी, बसायचं कधी, गुडघे कधी टेकायचे ते सगळं कळलं. मालकीण पुढच्या बाकावर होती. एकमेकांना शांती देण्याच्या वेळी तिनं मागं वळून आईचा हात धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. बाहेर पडलो तर पायऱ्यांवर गुडघाभर बर्फ आणि भाओजींच्या खिशात फोन वाजत होता.

व्हिडिओवर विरारचा डंपरवाला. मागं डंपर, डंपरमागं ऊन.

“नमस्कार मावशी! काय, थंडी वाजते का?”

“वाजते. तुमचे डंपर तयार आहेत ना?”

“एकदम तयार. उद्या सकाळी तुमच्या दारात. तुम्ही फक्त हो बोला.”

“हो,” आई म्हणाली.

भाओजींनी सुटकेचा श्वास सोडला. माझा अडकला. ताईनं आईच्या जाकिटाची बाही पकडली.

“हो, पण उद्या नको, मी घरी आल्यावर. आणि रिकामे आणा.”

“रिकामे?”

“मुरूम नको. गाळ काढायचाय. पोरींचे बाबा गेल्यापासून बावखल उपसलं नाही, अर्धं भरलंय. केळींपुरता गाळ मी ठेवीन. बाकीचा तुम्ही न्या, कुठं बागेला घाला.”

“मावशी, आपलं काम भरायचं आहे. काढायचं नाही.”

“मग शिकून घ्या. इथल्या लोकांनी पण शिकून घेतलंय.”

पडद्यावरच्या माणसानं फोन कानाजवळ नेला. मग म्हणाला, “हॅलो? हॅलो? मावशी, आवाज येत नाय. नेटवर्क प्रॉब्लेम,” आणि गेला. त्या गावात नेटवर्क उत्तम होतं. विरारचंही त्या दिवशी बरं होतं.

भाओजी बसच्या थांब्यावर घड्याळ बघत उभे राहिले. मग न राहवून म्हणाले, “आई, खरं सांगा. बावखल बघायला मुंबईहून कोण येणार?”

“तुम्ही नाही का मला इतक्या लांब आणलंत, तळं दाखवायला?”

बस वेळेवर आली. त्या देशात तुम्हांला तोंड लपवायला जराही उशीर मिळत नाही.

डंपरवाला पुढं कधी आला नाही, रिकामा किंवा भरलेला. त्याचे डंपर मला अधूनमधून महामार्गाकडं जाताना दिसतात, भरून. पण भाओजी आले. मे महिन्यात रजा काढून, ताईला घेऊन. रुसवा अजून होता, पण बावखलात उतरल्यावर वेगळाच माणूस दिसला. मनवेलपाड्यात हंड्यांची रांग लावण्यात बालपण गेलेल्याला घमेल्यांची रांग लावायला किती वेळ लागणार? “ओ काका, मध्ये गॅप नको! पास करत राहा! ए, सेल्फी नंतर!” असं ते ओरडत होते आणि त्यांच्या बनियनवर गाळाचे नकाशे उमटत होते. ताई पायऱ्यांसाठी दगड लावून घेत होती. आई काठावर खुर्ची टाकून, कोणाचं घमेलं अर्धंच भरलंय ते सांगत होती. गाळातून एक कासव निघालं. त्यानं आमच्याकडं असं बघितलं, जणू आम्ही महापालिकेतून आलोय. ताईची चप्पल सापडली नाही.

आणि तरीही काम अर्धंच झालं. हे लपवत नाही. आळीतली पाच-सहा माणसं आली, त्यातल्या दोघांची कंबर धरली. तरुण पोरांनी विचारलं, स्विमिंग पूल होणार होता ना? नाही म्हटल्यावर ती गेली. पश्चिमेचा अर्धा भाग अजून गाळानं भरलेला आहे. पावसाआधी तो निघाला नाही तर तेवढं पाणी रस्त्यावरून वाहून समुद्राला जाईल, आणि विहिरीचं काय होईल ते बाबांनी लिहून ठेवलंय. पलीकडच्या वाडीतलं बावखल यंदा विकायला निघालंय. त्याच्या फाटकावर जाहिरात लागलीसुद्धा, बर्फाच्छादित डोंगरांची.

मी या वेळी पत्रक छापलेलं नाही. तुम्ही वाचताय तेच पत्रक आहे असं समजा, हवं तर वाचून झाल्यावर चुलीत घाला. पण त्याआधी एवढं करा. मे संपायच्या आत एक रविवार द्या. मिस्सा झाली की तसेच या, मंदिरात जाणार असाल तर दर्शन घेऊन या, काहीच करत नसाल तर लवकर या. जुने कपडे घाला, पोरांना आणा, त्यांना पाठीला बांधायला भोपळा आम्ही देऊ. निर्मळला वाडीत कुणालाही विचारा, गाळ कुठं काढतायत. घमेली आमच्याकडं पुष्कळ आहेत. तेवढी एक बाजू उपसायला हात लावा. आणि तुमच्या ओळखीत कुणाकडं डंपर असेल, तर त्यालाही सोबत घेऊन या. रिकामा.